लाभ, दोन, तीन

शंभर टक्के या आकड्याचा ज्याने शोध लावला, त्याला हर्षदा नाईकवाडीने त्या सकाळी मनातल्या मनात अस्सल बार्शीच्या शिव्या हासडल्या. आकडा समोरच्या पडद्यावर हिरवागार झळकत होता. वैराग केंद्र, कुलपांची नवी सेटिंग, शंभर टक्के. आणि त्याच वैराग केंद्रात गेल्या आठवड्यात सुग्रीव जाधवर नावाचा धडधाकट हमाल कणगी झाडायला आत उतरला, तो जिवंत बाहेर आलाच नाही. त्याला ओढून काढायला गेलेला टोळीचा मुकादम, म्हणजे हर्षदाचा सख्खा थोरला भाऊ नवनाथ, दवाखान्यात नाकाला नळी लावून पडला होता.

"एवढी सही करून टाका," भडभडे साहेब म्हणाले. अन्नकवच कंपनीचे ते विभागप्रमुख. पुण्याहून आलेले, स्वभावाने वाईट नव्हेत, पण वरून आलेला शब्द त्यांना ब्रह्मवाक्य.

"काय लिहिलंय?"

"पडद्यावर दिसतंय तेच. वैरागच्या सगळ्या कुलपांना नवी सेटिंग पोचली होती. म्हणजे दार आपोआप उघडणं अशक्य. म्हणजे..."

"म्हणजे माझ्या भावाने कुलूप फोडलं आणि सुग्रीवला मरायला आत पाठवलं."

"असं कुठे लिहिलंय? निष्काळजीपणा, एवढंच लिहिलंय. पुढचं पोलीस बघतील." साहेबांनी आवाज खाली आणला. "विभागाच्या तांत्रिक अधिकारी तुम्ही आहात. आणि खरं सांगू? बहिणीचीच सही असली की पुढे कुणी शंका काढणार नाही."

हे शेवटचं वाक्य त्यांनी इतक्या मायेने उच्चारलं, की हर्षदाला हसावं का टेबल उलथावं ते कळेना.

"मी सही करणार नाही."

"विचार करून सांगा."

"केला," ती म्हणाली आणि पर्स उचलून बाहेर पडली.

कणगी म्हटलं की डोळ्यांसमोर शेणाने लिंपलेली बांबूची कणगी येते. त्या आता चित्रातच उरल्या. लोकांनी जुनं नाव दिलं ते अन्नकवचच्या पोलादी कोठारांना. उन्हाळे वाढले, किडे औषधांना दाद देईनात, तेव्हा कुणीतरी साधा विचार केला. किडा धान्य खातो, पण श्वास हवेचा घेतो. मग हवाच काढून घ्या. कोठारातला प्राणवायू बाहेर काढून आत नायट्रोजन भरायचा. किडा मरतो, औषधाचा कण लागत नाही, तूर वर्षभर जशीच्या तशी राहते. अर्ध्या महाराष्ट्राचं धान्य आता असं टिकत होतं.

अडचण एकच. माणूसही श्वास घेतो. आणि नायट्रोजन हा फार सभ्य मारेकरी आहे. पाण्यात बुडताना जीव घुसमटतो, तो प्राणवायू संपला म्हणून नव्हे, शरीरातला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही म्हणून. नायट्रोजनमध्ये तो बिनबोभाट बाहेर पडत राहतो. त्यामुळे घुसमट नाही, वास नाही, खोकला नाही. दोन-चार श्वास, आणि गडी जागच्या जागी कोसळतो. म्हणून कणगी झाडायच्या आधी पंखा लावून बाहेरची हवा आत भरतात, आणि दारावरचा दिवा हिरवा झाल्याशिवाय कुलूप उघडत नाही.

सुरुवातीच्या कुलपांना घड्याळ कळायचं, हवा कळत नव्हती. पंखा ठरावीक वेळ फिरला की दिवा हिरवा. पंख्याच्या तोंडाशी फोलपट अडकून हवा आत गेलीच नाही, तरी हिरवा. एके ठिकाणी कामगार मरता मरता वाचले, मग नवी सेटिंग आली. कुलपाने घड्याळ नाही, प्राणवायूचं माप बघायचं. ही सेटिंग हजारो कोठारांत पोचवण्याचं काम नियंता नावाची प्रणाली करायची. स्क्रिप्ट तीच लिहायची, तीच तपासायची, तीच शाबासकी द्यायची. माणसाने हाताने बदल करायचा नाही, असा कंपनीचा दंडक होता. माणसं चुका करतात ना!

दवाखान्यात नवनाथ भिंतीकडे तोंड करून पडला होता. हर्षदाने स्टूल ओढलं.

"दादा, परत एकदा सांग."

"किती बारी सांगू? पंखा लावला. बिड्या वढत बसलो बाहीर. दिवा हिरवा झाला. कुलूप वाजलं. सुग्रीव म्हनला, मी उतरतो. उतरला. हेच सांगितलं पोलिसाला. त्यो म्हनला, कंपनीच्या मशिनीत न्हाई तसं. दिवा लागलाच न्हाई."

"मशीन चुकली असंल."

"हर्षे, म्या आता रातंदिवस त्योच इचार करतोय. लागला व्हता का खरंच? का मला घाई व्हती? सुग्रीवची शालनवहिनी आली व्हती परवा. दारात हुबी राहिली. एक शबूद बोलली न्हाई. बघितलं आन् गेली." त्याने डोळ्यांवर हात घेतला. "तिच्या नजरंला नजर देता येत न्हाई बघ. म्याच खाल्ला असंल सुग्रीवला."

हा नवनाथ. बाजार समितीच्या आवारात दोन पोती पाठीवर घेऊन शीळ घालत चालणारा. हर्षदाला बारावीनंतर पुढे शिकवायचंच म्हणून आबांशी, म्हणजे वडिलांशीच, भांडलेला. मशिनीच्या एका हिरव्या आकड्यापुढे हा माणूस स्वतःच्या डोळ्यांना खोटं ठरवायला निघाला होता. कंपनीने फास त्याच्या गळ्यात अडकवायचा तो अडकवावा, पण त्याने तो स्वतःच्या हाताने घालून घ्यावा ही कुठली रीत?

"दादा, दिवा लागला होता," ती म्हणाली. "मी दाखवते."

"कशावरनं?"

"तू सांगितलंस यावरनं."

बोलायला सोपं. दुपारी ऑफिसात बसून तिने वैरागच्या नोंदी उकरल्या तेव्हा हाती काहीच लागेना. सेटिंग उशिरा पोचली असेल? नाही, पहिल्याच दिवशी पोचली होती. कोठाराच्या नावामागे एखादी मोकळी जागा राहिली असेल? मशिनीला ती दिसते, माणसाला नाही, आणि जगातले निम्मे घोटाळे तिथेच होतात. तिने नावं एकेक करून तपासली. साफ. कुलपांच्या नोंदीत त्या दिवशी वैरागला एकही दिवा हिरवा झालेला नव्हता.

यादी डोळ्यांसमोर होती. वैराग-२, वैराग-३, वैराग-४, असं करत वैराग-९. ही यादी तिने शंभरदा पाहिली असेल. ती सवयीने पुटपुटत खाली आली, जशी लहानपणी आबांच्या मागे पुटपुटत चालायची. लाभ, दोन, तीन, चार...

आणि तिची जीभ जागीच थांबली.

आबा म्हणजे बाजार समितीतले मापाडी. धान्याचं माप मोजताना मापाडी पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. मोजणीची सुरुवात शुभ बोलून करायची, ही त्या आवाराची रीतच. अन्नकवचने बार्शीला पहिली कणगी उभी केली तेव्हा पूजेला आबाच होते. "एक नंबर कसली? ही लाभ," असं म्हणून त्यांनी नारळ फोडला, कंपनीने हौसेने फोटो काढले, आणि पुढे वैराग, पांगरी, भूम, परांडा, जिथे जिथे कणग्या झाल्या तिथे टोळ्यांनी पहिलीला लाभच म्हटलं. कंपनीच्या दप्तरीही तेच नाव चढलं. वैराग-लाभ, वैराग-२, वैराग-३.

दुसऱ्या कुणाला दोनपासून सुरू होणारी यादी पाहून निदान खटकलं असतं. मापाड्याच्या पोरीला ते कधीच खटकलं नाही, कारण तिच्या कानात 'लाभ' आपोआप वाजायचा. पुण्याच्या साहेबांनाही खटकलं नव्हतं. ते आकडे बघतच नव्हते, टक्के बघत होते.

तिने नियंत्याची स्क्रिप्ट उघडली. कोणत्या कोठारांना सेटिंग द्यायची हे ठरवायला प्रणाली एक साचा वापरते, संगणकवाले त्याला रेग्युलर एक्सप्रेशन म्हणतात. ही अक्षरांची चाळणी असते. ज्या नावाचा आकार चाळणीच्या भोकाशी जुळतो ते नाव खाली पडतं, कामाला लागतं. नियंत्याने ही चाळणी परराज्यातल्या काही कोठारांची नावं पाहून स्वतःच विणली होती. आधी गावाचं नाव, मग आडवी रेघ, मग आकडा, आणि तिथेच शेवट. पाहिलेल्या त्या नावांत सगळीकडे आकडेच होते. इकडच्या लाभाला त्यात भोकच नव्हतं.

हर्षदाने साच्याला नावं एकेक विचारली. वैराग-२? जुळलं. वैराग-९? जुळलं. वैराग-लाभ?

पडदा कोराच राहिला. चूक नाही, इशारा नाही, लाल खूण नाही. घरातली चाळणी बरी, जे उरतं ते निदान वर दिसतं, बाई ते निवडते. ही चाळणी उरलेलं दाखवतच नव्हती. याच साच्याने सेटिंग वाटली, यानेच नोंदी गोळा केल्या, यानेच यादी केली, आणि स्वतःच केलेल्या यादीला स्वतःच शंभर टक्के मार्क दिले. वैरागच्या लाभ कणगीचं, म्हणजे सुग्रीव उतरला त्याच कणगीचं, कुलूप अजून घड्याळच बघत होतं, आणि तिचा हिरवा दिवा कुणाच्या हिशोबातच नव्हता.

नुसत्या वैरागचीच नव्हे, विभागातल्या प्रत्येक केंद्राची पहिली कणगी. आणि परांड्याची लाभ परवा झाडायची होती.

भडभडे साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, कपाळ पुसलं, आणि जे करायला हवं नेमकं तेवढं सोडून सगळं सुचवलं. "नियंत्याकडे रीतसर विनंती टाका. तो तपासेल."

तिने तिथेच उभ्या उभ्या विनंती टाकली. वैराग-लाभ या कोठाराची तपासणी व्हावी. उत्तर साहेबांच्या चहाचा घोट उतरायच्या आत आलं. 'वैराग-लाभ: असे कोठार नाही. विनंती बंद.'

"बघा," साहेब म्हणाले.

"काय बघा? विनंतीसुद्धा त्याच चाळणीतून जातेय! चोराला विचारायचं, तू चोरी केलीस का, आणि तो नाही म्हणाला की घरी जायचं?"

"हर्षदाताई, शांत व्हा. भाऊ आहे तुमचा, मी समजू शकतो. पण वैरागला कोठारं आठ आहेत. अहवालात आठ आहेत."

"नऊ आहेत. नववीत माणूस मेलाय, साहेब!"

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. वरती कळवू म्हणाले, पुढच्या बैठकीत विषय घेऊ म्हणाले. हर्षदाने त्यांच्यासमोरच फोन काढला आणि परांड्याच्या मुकादमाला लावला. "लाभ कणगीत कुणी पाय ठेवायचा नाही. साहेबांनी सांगितलं तरी नाही. मी सांगतेय, नवनाथची बहीण. पुढच्या टोळ्यांना कळवा." तिला हा अधिकार नव्हता. पण नवनाथचं नाव हमालांत असं होतं, की संध्याकाळपर्यंत सगळ्या विभागात एकाही टोळीने लाभाच्या दाराला हात लावला नाही. दुसरा फोन तिने सरकारच्या सुरक्षा निरीक्षक तांबोळी मॅडमना केला. आणि तिसरा, बराच वेळ नंबर बघत बसून, शालनला.

वैरागला दुसऱ्या दिवशी सकाळी निम्मं गाव जमलं होतं. तांबोळी मॅडम प्राणवायू मोजायचं हातातलं यंत्र घेऊन आल्या होत्या. सुग्रीवची बायको शालन डोक्यावर पदर घेऊन लांब निंबाखाली उभी होती. अपघातानंतर दार लावलं तशी लाभ कणगी आपोआप पुन्हा नायट्रोजनने काठोकाठ भरली होती. हर्षदाने पंख्याच्या तोंडाशी तुरीच्या फोलपटाचं पोतं गच्च दाबून बसवलं, सुग्रीवला काढताना टोळीला तिथे अडकलेलं सापडलं होतं तसंच, आणि पंखा चालू करायला हात उचलला.

तेवढ्यात धुरळा उडवत भडभडे साहेबांची गाडी आली. "थांबा! परवानगी कुणी दिली? कंपनीच्या कोठारावर बिनपरवानगी चाचणी करता येत नाही!"

"कुठल्या कोठारावर, साहेब?"

"या... या समोरच्या!"

"हे तुमच्या यादीत आहे?" हर्षदाने विचारलं. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला, इतका थंड. "काल तुम्हीच म्हणालात, वैरागला आठ कोठारं आहेत. नियंता म्हणाला, असं कोठारच नाही. मग जी कणगी नाहीच, तिची परवानगी मी आणायची कुणाकडून?"

हमाल खदखदून हसले. तांबोळी मॅडमनी हसू दाबलं आणि म्हणाल्या, "लावा पंखा. माझ्या परवानगीने."

पंखा घुमला. आवाज चोख, हवा शून्य. सगळे दाराकडे बघत राहिले. साहेब मोबाइलवर कुणाशी तरी हळू आवाजात बोलत राहिले. मग दारावरच्या दिव्याने एकदा डोळा मिचकावला आणि तो हिरवा झाला. खट्‌कन कुलूप उघडलं. कुणी हात लावला नव्हता.

तांबोळी मॅडम यंत्र घेऊन पुढे झाल्या, तशी शालन निंबाखालून चालत आली. "म्या सोडते," ती म्हणाली.

मॅडमनी तिच्याकडे एकदा पाहिलं. यंत्राला दोर बांधून दिला, दारासमोर न येता कडेला उभं राहायला सांगितलं, आणि हमालांनी लांब आकडीने दार ढकललं. शालनने दोर सोडला. यंत्र अंधारात दोन हात उतरलं असेल नसेल, ते किंचाळायला लागलं. कर्कश, थांबेचना. मॅडमनी ते वर ओढून आकडा वाचला. "तीन टक्के. साध्या हवेत असतो एकवीस."

शालन यंत्राकडे बघत नव्हती. ती दिव्याकडे बघत होती. यंत्र बोंबलत होतं आणि वर दिवा शांतपणे हिरवा जळत होता. "हिरवाच हाय की," ती म्हणाली. आणि मग पदरात तोंड खुपसून ती सुग्रीव गेल्यापासून पहिल्यांदा मोकळेपणी रडली.

इथवर आल्यावर कुणालाही वाटेल की साहेबांनी हात जोडले असतील. ते हुशार होते. गर्दी थोडी पांगल्यावर त्यांनी हर्षदाला बाजूला घेतलं. "वरती बोलणं झालं. मार्ग निघालाय. साच्याला हात लावायची गरजच नाही. कोठारांची नावं बदलू. लाभचं एक करून टाकू. वैराग-१, परांडा-१. नियंता आपोआप ओळखेल. आजच होईल. आणि नोंदीत सगळं पहिल्यापासून सुरळीत दिसेल."

"म्हणजे लाभ नावाची कणगी कधी नव्हतीच."

"तांत्रिकदृष्ट्या... हो."

"मग सुग्रीव मेला कुठे? दादाने दिवा पाहिला तो कुठला?"

साहेबांनी पुन्हा मोबाइल बाहेर काढला.

"नाव बदलणार नाही," हर्षदा म्हणाली. "आमच्या तोंडात ते पिढ्यान्‌पिढ्या आहे. चाळणी तुमची कालची. भोक चाळणीला पाडा."

"हाताने बदल केला तर तुमची नोकरी जाईल. मला वाचवता येणार नाही."

"तुम्ही वाचवाल अशी आशा कुणी केली होती?"

केंद्राच्या खोलीत बसून तिने आणीबाणीचा मार्ग उघडला. तिथे बदल करणाऱ्याचं पूर्ण नाव विचारतात, बहुतेक लोक तिथूनच मागे फिरतात. तिने लिहिलं, हर्षदा ज्ञानोबा नाईकवाडी. साच्यात आकड्याच्या जोडीला लाभ बसवला. मग क्षणभर विचार करून आणखी एक ओळ घातली. जे नाव कोणत्याच साच्याला जुळत नाही, ते आधी दाखव, सगळ्यात वर. चाळणीवर उरलेलं आता दिसलंच पाहिजे. उद्या कुठल्या गावी कुणी पहिल्या कणगीला काय म्हणेल, हे पुण्यात बसून कुणी ठरवू नये.

पडदा हलला. वैराग-लाभ, लाल. पांगरी-लाभ, लाल. भूम, परांडा, करमाळा, बार्शी, एकाखाली एक लालच लाल. आणि त्यांच्याही वर, परराज्यातलीसुद्धा, तिने कधी न ऐकलेली पन्नास नावं उगवली. शंभर टक्क्यांचा तो हिरवा आकडा घसरत घसरत गेला. हर्षदाला तो पडताना बघून असा आनंद झाला, की तिने टेबलावर मूठ आपटली. मग सेटिंग निघाली, आणि बाहेर हमालांनी ओढून घेतलेल्या लाभ कणगीच्या दारावरचा दिवा हिरव्याचा लाल झाला. कुलूप बसल्याचा आवाज तिला आतपर्यंत ऐकू आला.

निलंबनाचा हुकूम ती दवाखान्यात पोचायच्या आत फोनवर आला होता. तांबोळी मॅडमचा अहवालही निघाला होता, त्यावरून पोलिसांचा रोख आता मुकादमावरून उठून कंपनीकडे वळला होता. नवनाथने आधी नोकरीचंच विचारलं.

"गेली," ती म्हणाली. "भांडून परत आणीन. नाही मिळाली तर दुसरी. तू उठ आधी."

"पर दिवा..."

सगळं ऐकूनही त्याच्या डोळ्यांत तोच जुना संशय होता, स्वतःवरचा. तेवढ्यात दारात सावली पडली. शालन उभी होती, मागच्या वेळसारखीच. नवनाथने मान भिंतीकडे फिरवली.

शालन आत आली. खाटेशी थांबली.

"भावजी, इकडं बघा," ती म्हणाली. "दिवा हिरवाच लागतोय. म्या माझ्या डोळ्यानं बघितला."

हर्षदा उठली आणि तिने शालनला बसायला स्टूल दिलं.